जुनाट कंबरदुखी: फिजिओ कुणाला लागू पडते, कुणाला नाही? स्वभावाचा काही संबंध?

कणाकणाने

दादर-माटुंगा पट्ट्यात बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आहे. कंबरदुखीवर इथे धागे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात "कुठला व्यायाम करू?" हा प्रश्न हमखास येतो. मला त्याच्या अलीकडचं विचारायचंय. वय तेच, त्रास तेवढाच, एमआरआयचा रिपोर्टही साधारण सारखा, व्यायामाचा कागद तर अक्षरशः तोच. तरी एक पेशंट दोनेक महिन्यांत राजमाचीला जाऊन येतो आणि दुसरा वर्षभर "काही फरक नाही हो" म्हणत राहतो. वजन, झोप, कामाचं स्वरूप ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे, जे आम्ही फिजिओ मंडळी आपसांत चहा पिताना बोलतो आणि केसपेपरवर कधी लिहीत नाही. पेशंटचा स्वभाव.

जुनाट म्हणजे तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं. परवा पोतं उचललं आणि चमक भरली, ते यात धरू नका.

माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतात ते घाबरलेले. वाकलं की मणक्यातली गादी सरकेल, नस दबेल, कायमचं अंथरूण धरावं लागेल, या विचाराने ते ताठ चालतात. ही भीती त्यांनी मनाने काढलेली नसते. कुणीतरी रिपोर्ट वाचून सांगितलेलं असतं, "मणक्यात गॅप आलाय, गादी घासलीय, जपा." मग ते जपतात. जमिनीवर बसणं बंद, बादली उचलणं बंद, गणपतीत आरतीला उभं राहणंसुद्धा बंद. वापर नाही म्हणून स्नायू ढिले पडतात, जराशा हालचालीने दुखतं, आणि दुखलं की "बघा, म्हटलं नव्हतं?" या चक्राला फिअर-अव्हॉयडन्स म्हणतात. व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली त्यावरचं सगळं संशोधन एकत्र मांडलं. त्याआधी १९९३ मध्ये स्कॉटलंडचे ऑर्थोपेडिक सर्जन गॉर्डन वॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुती मोजायला १६ वाक्यांची प्रश्नावली केली होती. दुखणं किती तीव्र आहे ते हिशेबातून वगळलं, तरी कामावरच्या रजा आणि "कामामुळेच माझी कंबर बिघडते" ही समजूत यांचा संबंध घट्ट राहतो, असं त्यांना दिसलं.

रिपोर्टचंही सांगते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ साली आला. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या. पन्नाशीत ६० टक्क्यांची गादी फुगलेली. आणि यांतल्या कुणालाही दुखत नव्हतं! हे आकडे ऐकून काहींचा चेहरा उजळतो. काही म्हणतात, "ते परदेशातलं झालं मॅडम, माझं वेगळं आहे."

मग येतात करून टाकणारे. दहा सांगितले की तीस करतात. दुखलं तर दात आवळून पुढे. बरं वाटलं त्या रविवारी माळा साफ, पंखे साफ, सोमवारपासून आडवे. यांना शिस्त शिकवावी लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं, आणि ते जास्त अवघड. जर्मनीतल्या मोनिका हाझेनब्रिंग यांनी टाळणाऱ्यांच्या जोडीला हा सहन करत राहणारा गटही मांडलाय. दोन्ही वाटा जुनाट दुखण्याकडेच जाऊ शकतात.

भिडस्तांचा मला सगळ्यांत जास्त घोर लागतो. "व्यायाम केलात?" "हो." "दुखलं?" "नाही नाही, छान वाटतंय." आणि मग एक दिवस येणंच बंद.

मशीनवाले तर तुम्हाला माहीत आहेतच. टेबलावर पडायचं, शेक घ्यायचा, लाइट लावायची, ट्रॅक्शन लावायचं, म्हणजे यंत्राने कंबर ताणून घ्यायची. व्यायाम म्हटला की घड्याळ बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड, टेन्स (विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन), कमरेचा पट्टा हे नेहमीच्या उपचारात नको, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. व्यायाम आणि समजावून सांगणं हे हव्याच्या यादीत आहे.

तर प्रश्न असा: तुमच्या फिजिओने तुमचा स्वभाव बघून उपचार बदलले का कधी? का सगळ्यांना तोच झेरॉक्स?

---

तिखटमीठ

झेरॉक्स. तोही तिरका आलेला, शेवटचे दोन व्यायाम कापलेले. मी आपली कापलेले सोडून बाकीचे करते.

---

चौथी_सीट

मी दुसऱ्या गटातला. बदलापूरहून सीएसएमटी, तेही चौथ्या सीटवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा त्याची एकच मांडी बाकावर असते, दुसरी हवेत. कल्याणपासून दादरपर्यंत एका बाजूचा कणा वाकडा. फिजिओने सांगितलं की उभे राहा, चौथी सीट घेऊ नका. पण पन्नास मिनिटं बसायला मिळतंय म्हटल्यावर सोडणार कोण?

व्यायामाचं म्हणाल तर वहीत टिका करतो, बरोबरच्या खुणा. रोज. प्लँक वाढवत वाढवत नेला. कंबर दुखत असेल त्या दिवशी तर जास्तच, कारण एक दिवस सुटला की सगळं सुटतं हा माझा अनुभव. ऑफिसातले म्हणतात एवढा व्यायाम करूनही तुझी कंबर कशी दुखते? मी म्हणतो न करता किती दुखली असती!

तरी प्रश्न आहे. थांबायचं कधी हे कळायचं कसं? दुखलं की थांबा म्हणावं तर पहिलाच गट होतो. न थांबलं तर दुसरा.

---

कणाकणाने

@चौथी_सीट, अगदी मोक्याचं विचारलंत. तुमच्यासारख्यांना मी दुखण्यावर थांबायला सांगत नाही आणि दमण्यावरही नाही. घड्याळावर किंवा आकड्यावर थांबायला सांगते. वाईट दिवशीसुद्धा निभेल एवढा एक आकडा ठरवायचा आणि चांगल्या दिवशीही तेवढाच करायचा. वाढवायचा तो ठरल्या दिवशी, थोडाच, अंगात उत्साह आहे म्हणून नाही. ही पद्धत जुनी आहे. विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत जुनाट दुखण्यासाठी ती वापरली.

गंमत म्हणजे घाबरलेल्यांनाही मी हेच देते. त्यांना तो आकडा खालून वर ओढतो, तुम्हाला वरून खाली.

वहीत टिका करता ना? मग टिकेचा नियम बदला. ठरल्यापेक्षा जास्त केलं तर त्या दिवशी फुली. शिस्तीच्या माणसाला फुली फार झोंबते, मी पाहिलंय.

---

निवृत्त_गिरगावकर

आमच्या वाडीत एक पायाळू बाई होत्या. उसण भरली की थेट त्यांच्याकडे जायचं. ओणवं व्हायचं, त्या पायाने हलकेच तीनदा लाथ लावायच्या. चहा घेऊन घरी. पैसे नाहीत, एमआरआय नाही, स्वभावाची चौकशी नाही. आणि उतरायची हो!

आता मुलाने आग्रह केला म्हणून फिजिओकडे जातो. मला मशीनचं फार बरं वाटतं. वीस मिनिटं कुणी बोलत नाही, शेक मिळतो, डुलकी लागते. घरी एवढी शांतता कुठली? जागतिक आरोग्य संघटनेला काय जातंय नको म्हणायला.

---

कणाकणाने

काका, उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपसूक उतरतेच. बाईंच्या लाथेला श्रेय मिळायचं. पण त्यात एक गोष्ट खरी होती. बाई सांगायच्या "उतरेल", आणि तुम्ही घाबरायचा नाहीत. आज तुम्ही गेलात तर एल फोर एल फाइव्ह अशी कमरेच्या मणक्यांची नावं ऐकून परत याल.

मशीनवर डुलकी घ्या खुशाल. फक्त त्यानंतरचा व्यायाम बुडवू नका.

---

शेवग्याची_शेंग

हा धागा वाचताना राग येत होता म्हणून लिहितेय. "पेशंटचा स्वभाव" हे शब्द मी भरपूर ऐकलेत.

विशीत कंबर धरायला लागली. सकाळी उठले की तासभर आखडलेली. पहाटे तीनला दुखण्याने जाग यायची, मग खोलीत फेऱ्या मारायच्या. पडून राहिलं की वाढायचं, चालायला लागलं की मोकळं व्हायचं. जिथे गेले तिथे तेच: "तुम्ही फार विचार करता." "लग्नाचं टेन्शन असेल." एका ठिकाणी आईला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी जरा नाजूक स्वभावाची आहे. व्यायामाचा कागद मिळाला, मी केले, व्यायामाने बरंही वाटायचं, पण पहाटेचं दुखणं तसंच. मग म्हणे मन रमवा.

काही वर्षांनी एका मैत्रिणीने ओढत संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी किती वेळ आखडतं? एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह, माकडहाडाजवळच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात.

मी काळजीखोर होतेच. अजून आहे. काळजीखोर माणसाला आजार होत नाहीत असं आहे का? उलट मी चिकाटीने डॉक्टर बदलत राहिले ती याच स्वभावामुळे. शांत स्वभावाची असते तर कदाचित अजून मन रमवत बसले असते.

---

रातराणी_परळ

@शेवग्याची_शेंग +१००. माझ्या बहिणीचंही अगदी हेच. बायकांचं दुखणं आधी स्वभावाच्या खात्यात टाकतात, तपासण्या नंतर.

---

कणाकणाने

@शेवग्याची_शेंग, तुमचा राग योग्य आहे आणि तो या धाग्यावर असायलाच हवा. मी सांगतेय ते एका अटीवर आहे, ती आता स्पष्टच लिहिते.

स्वभावाचा विचार धोक्याची लक्षणं तपासून झाल्यावरच. त्याआधी नाही. पायातली ताकद कमी होतेय, बसतो त्या जागी आणि मांड्यांच्या आत बधिर वाटतंय, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, तर फिजिओकडे येऊच नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बारीक ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात यायला हवा. मुंबईत तर नक्कीच. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा हाडं ठिसूळ असताना पडणं झालं असेल तर आधी डॉक्टर. आणि तुम्ही लिहिलंत ते चित्र, म्हणजे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारं, विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं, हे दिसलं की संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

पण एका बाबतीत मी मागे हटणार नाही. "तुमच्या स्वभावामुळे दुखतंय" आणि "तुमच्या स्वभावाप्रमाणे उपचार देऊ" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सांगून लोक पेशंटला घरी पाठवतात. दुसरीत फिजिओला जास्त काम करावं लागतं.

---

शेवग्याची_शेंग

हे पटलं. दुसरी करणारी फिजिओ मला अलीकडे भेटली आहे. अँकिलोझिंगमध्ये औषधांच्या जोडीला व्यायाम लागतोच, त्यामुळे तिच्याशी जन्माची गाठ. मी तिला रोज एक नवीन शंका पाठवते. ती रविवारी सगळ्यांची उत्तरं एकदम देते, मधे देत नाही. ही युक्ती आहे हे मला कळतंय. चालतंय.

---

अर्धविराम

ठाण्यात समुपदेशन करतो, जुनाट दुखण्याचे बरेच लोक माझ्याकडेही येतात. मानसशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

व्यक्तिमत्त्व मोजताना आज सर्वाधिक वापर पाच घटकांच्या मॉडेलचा होतो: न्यूरॉटिसिझम म्हणजे चटकन काळजीत किंवा नैराश्यात जाण्याचा कल, बहिर्मुखता, नव्याची ओढ, मिळतंजुळतं घेणं, आणि शिस्त-जबाबदारी. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या प्रश्नावल्या १९८५ पासून यासाठी वापरात आहेत. जुनाट दुखण्याच्या संशोधनात सगळ्यांत जास्त नाव पहिल्या घटकाचं येतं. तो जास्त असलेल्या माणसाच्या डोक्यात दुखण्याबद्दलचे टोकाचे विचार जास्त येतात आणि लक्षही सारखं दुखण्याकडे जातं. शिस्तीचा घटक जास्त असलेले लोक सांगितलेले उपचार तुलनेने नीट पाळतात, हे इतर आजारांतही दिसतं.

पण दोन इशारे. एक, कोंबडी आधी की अंडं? वर्षानुवर्षं कंबर दुखणारा माणूस चिडचिडा आणि काळजीखोर होणारच. त्याला आज प्रश्नावली दिली तर आपण त्याचा मूळ स्वभाव मोजतोय की दुखण्याने केलेली त्याची अवस्था? दोन, हे घटक बदलतात, पण फार हळू. फिजिओच्या हाताशी तेवढा वेळ नसतो. भीती आणि टोकाचे विचार मात्र काही आठवड्यांत बदलू शकतात. म्हणून दवाखान्यात स्वभावाची चाचणी घेऊन फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा हालचालीच्या भीतीची टॅम्पा स्केल घ्या, १७ वाक्यं आहेत. किंवा सलिव्हन आणि सहकाऱ्यांची १९९५ ची १३ वाक्यांची पेन कॅटास्ट्रोफायझिंग स्केल. "हे कधीच थांबणार नाही" असे विचार किती येतात ते तिच्यात विचारतात.

इंग्लंडमध्ये कील विद्यापीठाने याहून सुटसुटीत केलंय. स्टार्ट बॅक नावाचे नऊ प्रश्न. त्यावरून पेशंट कमी, मध्यम की जास्त जोखमीचा ते ठरतं. कमीवाल्याला धीर आणि सल्ला देऊन घरी, मध्यमला नेहमीची फिजिओ, जास्तवाल्याला मनाचाही विचार करणारी फिजिओ. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत हा मार्ग नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला आणि खर्चही कमी आला.

---

मुक्काम_विरार

सगळं वाचलं. धागा चांगला आहे. पण एक सांगू का, यात घर कुठे आहे?

मी सकाळी सातची गाडी पकडते, रात्री साडेआठला घरी. नंतर पोळ्या, भांडी, उद्याचे डबे. घर वन रूम किचन. व्यायामाला चटई टाकायची तर सासऱ्यांची बातम्यांची वेळ. ते टीव्हीसमोर आणि मी त्यांच्यापुढे पाठीवर पडून कंबर वर उचलायची? अंथरुणं पडली की मग मुलगा शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजतो, नणंद हसते. मी सोडून दिलं. फिजिओने विचारलं का केले नाहीत, मी म्हटलं वेळ नव्हता. त्यांनी मान हलवली. माझ्या कागदावर "आळशी" किंवा तुमच्या भाषेत "शिस्तीचा घटक कमी" असं काहीतरी लिहिलं असेल.

---

चौथी_सीट

@मुक्काम_विरार, सासऱ्यांसमोरचं चित्र डोळ्यांपुढे आलं, हसूही आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या वहीतल्या टिका बायको पोळ्या करत असते म्हणून होतात, हे ती मला नेहमी ऐकवते.

---

कणाकणाने

@मुक्काम_विरार, तुमच्यासाठी चटईचा एकही व्यायाम लिहून द्यायचा नाही, हा माझा पहिला नियम असता. ओट्याला धरून उभ्याने होतात असे पुष्कळ आहेत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अर्ध्या उठाबशा, टाचा उचलणं, ओट्याला हात टेकून तिरके पुश-अप. पाठीमागे वाकल्याने ज्यांना बरं वाटतं, आणि फक्त त्यांनाच, ते प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना कमरेवर हात ठेवून मागे वाकू शकतात. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीतला आहे तो. विरारला कुणी बघत नाही, सगळे इंडिकेटर बघतात.

संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखी आणि व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र केल्या होत्या. व्यायामाने फायदा होतो हे त्यातून दिसतं. चटईवरचाच हवा असं काही नाही. जो होईल तो.

आणि तुमच्या "वेळ नव्हता"च्या मागे सासरे, मुलगा, नणंद होते हे त्या फिजिओला कळायला दुसरा प्रश्न विचारावा लागला असता. "घरात कुठे करता?" एवढाच. मी तो विचारते, कारण लाजाळू माणूस घरच्यांसमोर करत नाही आणि चारचौघांत रमणाऱ्याला एकट्याने करायचा कंटाळा येतो. अशांना मी संध्याकाळी गटात बोलावते. तिथे व्यायाम कमी आणि गप्पा जास्त होतात, पण ते येतात तरी.

---

तिखटमीठ

घाबरलेल्यांचं नेमकं काय करता ते लिहा ना. आमच्याकडे एक आहेत. चप्पल पडली तर मला हाक मारतात.

---

कणाकणाने

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही अशा बेताने. लालबागच्या एक ताई. इमारतीत पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, घरात भरणाऱ्या त्या एकट्या. एकदा बादली उचलताना चमक भरली. त्यानंतर दोन वर्षं बादली उचलली नाही. मुलगी कॉलेजला उशिरा जायची, का तर पाणी भरून. तपासण्या सगळ्या झालेल्या, काळजीचं काही नाही. पोटाचे, पाठीचे व्यायाम माझ्याकडे व्यवस्थित करायच्या. ताकद होती. बादली नाही.

शेवटी मी क्लिनिकमध्ये बादली आणली. लाल, प्लास्टिकची, कडीची. रिकामी समोर ठेवली आणि विचारलं, उचललीत तर काय होईल? त्या म्हणाल्या, "कट् आवाज येईल आणि मी इथेच बसेन." किती खात्री? "नव्वद टक्के." म्हटलं, उचला. उचलली. आवाज आला, पण कडीचा. पुन्हा विचारलं, आता एक तांब्या पाणी घातलं तर? "साठ टक्के." पुढच्या काही भेटी हेच चाललं. तांब्या, दोन तांबे, पाव बादली. मी उचलायची "बरोबर पद्धत" मुद्दाम शिकवली नाही. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा असं सतत सांगितलं की घाबरलेल्याला वाटतं, चुकलं तर मोडणार. अर्ध्या बादलीला थोडं दुखलं त्यांना. मी विचारलं, बसायला झालं का? नाही झालं. दुखलं आणि काही मोडलं नाही, हे दोन्ही एकाच वेळी अनुभवणं त्यांना गरजेचं होतं. ते मी कितीही तोंडाने सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता.

स्वभाव बदलला का? छे. आजही त्या घरातून निघताना गॅस तीनदा बघतात. पाणी मात्र भरतात.

ऑस्ट्रेलियात यासारख्या विचाराची कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी वापरतात. ४९२ पेशंटांवरची चाचणी २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात सिटिंग, मग नंतर एक उजळणी. वर्षभरानेही फरक टिकलेला होता.

तुमच्या चप्पलवाल्यांना चप्पल उचलून देणं हळूहळू बंद करा. एकदम नको, भांडण होईल.

---

तिखटमीठ

भांडण तर होणारच. बघते.

---

निवृत्त_गिरगावकर

पट्टा टाकून द्यावा काय? महागाचा आहे.

---

कणाकणाने

काका, टाकू नका, कपाटात ठेवा. घरात वावरताना काढायला लागा, मग बाजारात जाताना. लांबच्या प्रवासात लावावासा वाटला तर आकाश कोसळत नाही. दिवसभर लावलेला मला नकोय, कारण मग तुमचा भरवसा पट्ट्यावर बसतो, कमरेवर बसत नाही.

---

साधीसरळ

इतके दिवस नुसती वाचत होते. मी ती भिडस्त. माझी फिजिओ खूप गोड मुलगी आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिने शिकवलेल्या एका व्यायामाने पायात मुंग्या येतात. पण ती एवढ्या उत्साहाने विचारते "काकू, मस्त वाटतंय ना?" की मी हो म्हणते. घरी तो व्यायाम करत नाही आणि तिला सांगते करते. पुढच्या आठवड्यात ती तोच वाढवणार आहे. कसं सांगू?

---

अर्धविराम

काकू, हे फार कॉमन आहे. प्रश्नच तसा विचारला की "हो" सोडून उत्तर उरत नाही. तोंडी जमत नसेल तर लिहून न्या.

---

कणाकणाने

@साधीसरळ काकू, मुंग्या येतात हे दुखण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. तो व्यायाम वाढवायच्या आधी तिला कळायलाच हवं. मुंग्या कुठपर्यंत जातात, गुडघ्याच्या खाली की वरच? व्यायाम थांबवल्यावर किती वेळ राहतात? पायात ताकद कमी वाटते का? यांची उत्तरं एका चिठ्ठीवर लिहा. खाली लिहा, "हा व्यायाम मी घरी करत नाही." आत गेल्यावर बसायच्या आधी चिठ्ठी तिच्या हातात द्या. ती गोड आहे म्हणताय, तर तिला वाईट वाटणार नाही, उलट चुकीचा व्यायाम वाढवला नाही म्हणून बरंच वाटेल. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायची गरज नाही, उद्या फोन केलात तरी चालेल. मुंग्या वाढत असतील किंवा पाऊल लुळं वाटलं तर फोनही नको, सरळ डॉक्टर.

---

साधीसरळ

चिठ्ठी लिहिली. गुडघ्याच्या खाली, करंगळीपर्यंत. उद्याच जाते. आणि समजा ती चिडली तर?

---

कणाकणाने

करंगळीपर्यंत जातात म्हणजे तो व्यायाम तिने नीट तपासेपर्यंत अजिबात करू नका.

आणि चिडली तर फिजिओ बदला, काकू. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी फिजिओची ओपीडी आहे. केसपेपरला सकाळी लवकर जा, नंतर रांग फार वाढते. चिठ्ठी तीच चालेल.